जागी हाईस न्हवं?

तेरखेड्याच्या माणसाला आवाजाचं काय कौतुक, असं बाहेरचे लोक म्हणतात. येरमाळ्याहून बीडकडे निघालं की रस्त्याच्या कडेला फटाक्यांची दुकानं लागतात आणि आत शिवारात एकमेकींपासून लांब-लांब बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. गंधक, सोरा, कोळसा. आमच्या लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि सुतळी गुंडाळायला बसायचं. खळीत बुडवलेली सुतळी कागदाच्या डबीभोवती आडवी-उभी फिरवत राहायची, बोटं पिवळी पडेपर्यंत. शिवारात कुठं धडाम झालं तर गाव हातातलं काम थांबवून ऐकत राहतं. एकच आवाज आला तर कुणी माल तपासून पाहिला असेल. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला, की बाया अनवाणी पळत सुटतात. कोण कुठल्या खोलीत कामाला गेलंय हे सगळ्यांना पाठ असतं.

अशा गावची मी. आणि रात्रपाळी शिकले ती एका अशा बाईकडून, जिला शांततेचा धसका होता.

मावशी गेल्या श्रावणात गेल्या. दुपारी गेल्या, झोपेत. त्या दिवसाच झोपायच्या हे शेजारणीला ठाऊक होतं, त्यामुळे दिवेलागणीपर्यंत कुणी हाक मारली नाही. वय काय लिहायचं यावरून थोडी हुज्जत झाली, मग कुणीतरी ट्रंकेतून आधार कार्ड काढलं. त्यावर 1 जून होता. माझ्याही दाखल्यावर 1 जूनच आहे. आपल्याकडे हेडमास्तरांनी निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्माला घातलाय, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण भूकंपात पोरक्या झालेल्या, आमच्या शेडमधल्या पोरांचे दाखले खरोखर ढिगाऱ्याखाली गेले होते. नाव नोंदवायच्या दिवशी रांगेतल्या एकामागून एक पोराला मास्तर 1 जून देत गेले, आणि एक चिमुरडी पुढं होऊन म्हणाली, ‘मला दिवाळीतला द्या, माझी माय म्हनायची मी दिवाळीत झाले.’ मास्तरांनी पेन थांबवलं, चष्मा काढला, पुसला. दिला मात्र 1 जूनच.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, लेझीम खेळून दमलेली गावं गाढ झोपली होती. तेरणाकाठची घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि तुळयांवर मातीचा थर. पावसाळा तोंडावर आला की गळू नये म्हणून त्यावर नवी माती चढायची. आज्यानं चढवलेली, त्यावर बापानं चढवलेली, त्यावर लेकानं. उन्हाळ्यात घर कसं गार राहायचं. त्या पहाटे ती तीन पिढ्यांची माती एकदम खाली आली. कुडाच्या झोपडीतला माणूस अंग झटकून बाहेर आला, वाड्यातला आला नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं पार गेली. मेलेल्यांचा आकडा कुणी आठ हजार सांगतं, कुणी दहा. आधीच्या वर्षी, 1992 मध्ये, किल्लारीच्या लोकांनी जमिनीखालची गुरगुर ऐकली होती, रात्री बाहेर काढल्या होत्या. पुढं गुरगुर थांबली आणि माणसं वाकळा उचलून परत घरात गेली. मला त्या उचललेल्या वाकळांचं फार वाटतं. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात त्यांना जागा नसते.

मावशींची म्हैस अडली होती. त्या गोठ्यात तिच्यापाशी बसल्या होत्या, म्हणून वाचल्या. आत नवरा, सासू आणि तीन लेकरं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता, मान वर न करता. म्हशीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पोरकी झालेली पोरं मग वाटली गेली, दुसरा शब्द मला सापडत नाही. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेली, शिकवली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी ‘आपलं घर’ उभं केलं. लातूरला बालग्राम आलं. ही मोठी, नावाजलेली कामं. त्यांच्या आसपास वर्तमानपत्रात नाव न आलेल्या, पत्र्याच्या शेडात भरणाऱ्या लहान जागाही होत्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या अशा एका शेडमध्ये मी बालवाडीचा कोर्स केलेली पोरगी म्हणून लागले. दिवसाच्या कामाला माणसं भरपूर होती. शहरातून पाहुणे येत, फोटो काढत, पोरांच्या डोक्यावर हात फिरवत. रात्रीला कुणी नव्हतं.

मावशी काम मागायला आल्या तेव्हा व्यवस्थापकांनी विचारलं, स्वयंपाक जमेल का. त्या म्हणाल्या, ‘मला रातचं काम द्या. रातचं मला झोपता येत न्हाई. दिवसा मी कुठंबी पडंन.’ एवढीच त्यांची मुलाखत.

रात्रपाळी म्हणजे काय ते मला त्याआधी माहीत नव्हतं. पांघरुणं नीट करायची, कुणाला शू लागली तर बाहेर न्यायचं, कंदिलाची वात कमी-जास्त करायची, असं मला वाटलं होतं. पहिल्या रात्री पाहिलं तर शेडच्या आतल्या अंगाला अंथरलेल्या सतरंज्या मोकळ्या आणि सगळी पोरं दाराशी गर्दी करून पडलेली, एकाचे पाय दुसऱ्याच्या अंगावर. प्रत्येकाच्या उशाला स्वतःच्या चपला. मदतीत आलेल्या, त्यामुळे बहुतेकांच्या मापाच्या नव्हत्या. मदतीतल्या रगांना डांबरगोळ्यांचा वास यायचा. एका पोरानं तो रग अंगावर घेतलाच नाही, थंडीनं कुडकुडत पडायचा. ‘घरचा वास न्हाई’ एवढंच म्हणाला. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की जमीन बारीक थरथरायची आणि शेडमधल्या सगळ्या माना एकदम वर व्हायच्या. ट्रक गेला की खाली. कुणी ओरडायचं नाही. चारच्या आधी तर पोरं आपोआप जागी होत, ओळीनं, डोळे उघडे ठेवून पत्र्याकडं बघत पडून राहत. मी मावशींना म्हटलं, रडत नाहीत ते बरं आहे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झाले. ‘रडल्यावर येनारं कुनी असलं तर पोर रडतं, बाय,’ त्या म्हणाल्या.

झोपलेले मेले, एवढा हिशोब त्या पोरांना कळला होता. त्यामुळे झोपायची कुणाची तयारी नसायची. दिवाळीतला जन्म मागणारी ती मुलगी निजण्याआधी सगळ्यांना मोजायची, मधेच उठून पुन्हा मोजायची. आणि अंधारातून मला विचारायची, ‘अक्का, जागी हाईस न्हवं?’ मी म्हणायची, हो गं, जागी आहे. थोड्या वेळानं दुसऱ्या कोपऱ्यातून तोच प्रश्न. मग तिसऱ्या. रात्रभर मी उत्तरं देत बसायची. आणि उत्तर द्यायला मला उशीर झाला, माझा डोळा लागला, की अख्खी शेड उठून बसायची.

मावशींनी यावर जो उपाय काढला तो कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही. त्या कोठीतून भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं ओढत आणायच्या, दारात मांडी घालून बसायच्या आणि समोर पितळी परात घ्यायच्या. शेंग फोडायची, दाणे परातीत टाकायचे. टक्, आणि मग दोन दाण्यांची टण-टण. पुन्हा टक्. सावकाश, एकाच लयीत, रात्रभर. ज्या पोराला जाग येई त्याच्या कानावर पहिला तो आवाज पडे. म्हणजे कुणीतरी बसलंय. विचारायची गरज नाही. आठवडाभरात प्रश्न कमी झाले, पंधरवड्यात थांबले. व्यवस्थापक एकदा रात्री तपासायला आले आणि म्हणाले, मावशी, मुलांना शांत झोप लागली पाहिजे, हा आवाज बंद करा. मावशींनी मान डोलावली. ते मोटारसायकलवरून रस्त्याला लागले, तसं टक्.

सकाळी मी वहीत लिहायची, ‘रात्र शांत.’ खाली माझी सही, मावशींचा अंगठा. वर्षानुवर्षं तेच दोन शब्द. त्या वह्या पुढं रद्दीत गेल्या. त्या रात्रींचा दुसरा कागद कुठं नाही.

आमच्या जिल्ह्याची देवी निजणारी आहे. तुळजापुरात भवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. भूकंप झाला ती पहाट भाद्रपद पौर्णिमेची. देवीला निजायला अजून आठवडा होता. मावशींनी हा हिशोब मनात कितीदा घातला असेल कुणास ठाऊक. ‘तवा देवी जागी व्हती की गं,’ त्या एकदा म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. मी वाट पाहिली. पुढं काही आलं नाही. पण दर वर्षी घोरनिद्रेच्या त्या आठवड्यात त्या सुट्टी घेत नसत. ताप असला तरी नाही. ती निजली, आता आपण बसायला पाहिजे, असा काहीसा त्यांचा व्यवहार होता. त्यात भक्ती किती आणि राग किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

भूकंपाच्या वर्षी 13 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. जिल्ह्यात दिवाळीचं नाव कुणी काढत नव्हतं. शहरातल्या कुणा भल्या माणसानं, पोरांची दिवाळी व्हावी म्हणून, मिठाईबरोबर फटाक्यांचं खोकं पाठवलं. मी खोकं उघडलं. फुलबाजे, भुईनळे, आणि खाली सुतळी बॉम्ब. सुतळीचा पीळ आणि खळीचा वास मला डोळे मिटून ओळखता आला असता. आमच्याकडचाच माल. पोरं लांब उभी राहून बघत होती. मोठी दोघं-तिघं पुढं झाली, ‘वाजवू या’ म्हणाली, आवाजात उसना धीटपणा होता. मागची लहान पोरं आधीच दाराकडं सरकली होती.

मावशींनी मला विचारलं, ‘हे उलगडतंय का?’

मी बादली मागवली. बॉम्ब पाण्यात बुडवून ठेवले, रात्रभर. दुसऱ्या दिवशी पोरांना ओळीनं बसवलं. भिजलेली खळ सुटली होती. टोक सापडलं की सुतळी सरसर मोकळी होत येते. ते टोक शोधायचं कसं ते मी शिकवलं. डब्या ओल्याच मी लांब खड्ड्यात पुरल्या. पोरांच्या हातात वाव-वावभर सुतळी आली. हात पिवळे झाले, वास दोन दिवस गेला नाही. त्या सुतळीचं मावशींनी काय काय केलं! चड्ड्यांच्या नाड्या झाल्या, दप्तरांचे बंद झाले, एक लांब दोरी कपडे वाळत घालायला. धीट पोरांनी उरलेल्या सुतळीचा भोवऱ्याला जाळा केला. फुलबाजे मात्र रात्री लावले. ते आवाज करत नाहीत.

पोरं हळूहळू गेली. काही मोठी होऊन, काही नातलग आले म्हणून. मदतीची रक्कम पोरांच्या नावावर बँकेत असल्याचं कळल्यावर ज्यांना पुतण्याची अचानक माया आली असे चुलतेही त्यांत होते, आणि खरोखर पोटाशी धरून नेणारे मामाही. वेगळे कसे ओळखायचे? मावशी म्हणायच्या, आलेल्या मानसाला एक रात्र ठिवून घ्या. पोर रातचं कुनाच्या कुशीला जातंय ते बगा. कार्यालयात हा पुरावा चालला नसता, पण मावशी मला कानात सांगायच्या आणि त्यांचा अंदाज सहसा चुकला नाही.

हे सगळं पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं. सैबेरियाच्या वनवासातून सुटून इराणमार्गे आलेली, बायका-मुलंच जास्त. आईबाप वाटेत गमावलेली कितीतरी पोरं त्यांत होती. जामनगरजवळच्या बालाचडीतली पोरकी मुलंही पुढं तिथं आली. त्यांच्या शाळांची, चर्चची, नाटकांची, स्काउटच्या संचलनाची आठवण लिहिली गेली आहे, कोल्हापुरात स्मारकही आहे. ते गेले आणि फाळणीतून आलेले सिंधी त्या बराकींत राहिले. आज तिथं गांधीनगर आहे आणि लोक लग्नाचा बस्ता बांधायला जातात. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की त्या बराकींत रात्री दाराशी कोण बसत होतं. पोलिश भाषा बोलणारी कुणी बाई असेल, किंवा करवीर तालुक्यातली, एक शब्द न कळणारी. मला ती दुसरीच असावीशी वाटते.

आता मी तेरखेड्यातच असते. दसरा-दिवाळीनंतर वाशी तालुक्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात आणि मागं राहिलेली पोरं आजीजवळ झोपतात. त्यांच्यासाठी चाललेल्या हंगामी वसतिगृहात मी काही वर्षं पोळ्या लाटल्या. ती पोरं वेगळी. त्यांची आई परत येणार असते. तरी मार्च उजाडला की त्यांचेही डोळे रस्त्याला लागतात.

आणि चारच्या आधी मला अजून जाग येते. हे ठाऊक असलेलं एकच माणूस आता उरलंय. ती मोजणारी मुलगी. नर्सिंग करून, मुंबईच्या दवाखान्यांत बरीच वर्षं काढून ती इंग्लंडला गेली आणि हिंडत-फिरत दक्षिण किनाऱ्याकडच्या एका बालगृहात रात्रपाळीला लागली. तिथं येणारी मुलं सुदानची, इरिट्रियाची, अफगाणिस्तानची. रबरी होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून एकटी आलेली, आश्रय मागणारी. कौन्सिल त्यांना सांभाळतं. जन्मतारीख सांगता येत नाही त्यांच्या कागदावर 1 जानेवारी पडते. ‘अक्का, इथं सगळे 1 जानेवारीचे!’ असं तिनं पहिल्याच फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग ती म्हणाली की तिथं तारखेवरून फार चालतं. पोरगं सतरा वर्षांचं ठरलं तर बालगृहात, एकोणीसचं ठरलं तर मोठ्यांच्यात. मिसरूड बघून वय ठरवणारे लोक तिथंही आहेत.

मावशी गेल्याचं मीच तिला कळवलं. ती येऊ शकली नाही. बाकीचे आले: एक एसटीचा ड्रायव्हर, दोन मास्तर, हैदराबादेत फॅब्रिकेशनचं दुकान टाकलेला एक, लातूरहून दोघी बहिणी. सगळ्यांची पोटं सुटलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. पुनर्वसनातल्या त्या घराच्या ओट्यावर मावशींची खाट होती; भूकंपात पडणार नाही असं सरकारनं बांधून दिलेलं घर, पण मावशी आत कधी निजल्या नाहीत. ड्रायव्हरच्या लहान मुलानं विचारलं, ही आजी आपली कोण लागते? ड्रायव्हरनं बराच विचार केला आणि पोराला म्हणाला, ‘गप, चप्पल काढ आधी.’

मावशी, तुमचा दहावा कुणी करायचा यावरून ते सहाजण भांडले. तुम्हाला आवडलं असतं. तुमची परात कुणाला द्यायची यावरून त्याहून जास्त भांडले. ती मी आणली. विचारलं नाही कुणाला.

नोव्हेंबरात, 5 तारखेच्या रात्री, इंग्लंडातल्या त्या मोजणाऱ्या मुलीचा फोन आला. त्या दिवशी इंग्लंडात गावोगाव दारूकाम असतं. इकडं तीन वाजत आले होते. तिच्या मागं धडाधड आवाज येत होते, आणि मी इतक्या लांबून आपोआप मोजायला लागले, एक, पाठोपाठ दुसरा. सुदानचा एक मुलगा पलंगाखाली शिरून बसला होता. त्याची भाषा तिला येत नव्हती, दुभाषी फोनवर रात्रीचा मिळत नव्हता. शेंगांचं तिला आठवलं होतं. पण त्या बालगृहात शेंगदाण्याला बंदी. कुणाला वावडं असलं तर जिवावर बेततं म्हणून दाराला पाटीच लावलेली. ‘मग मी काय करू?’ तिनं विचारलं, तसं मी म्हटलं, फ्रीजमध्ये काय आहे ते बघ. तिला दुपारी बाजारातून आणलेले मटार सापडले, सालासकट. पातेलं घेतलं आणि पलंगापाशी जमिनीवर बसली. फोन तिनं चालूच ठेवला होता. मटाराचा आवाज काही शेंगेसारखा येत नाही, फुसका येतो, पण स्टीलच्या पातेल्यात दाणे पडतात ते ऐकू येतात.

अर्ध्या-पाऊण तासानं ती हळूच म्हणाली, ‘अक्का, बाहेर आला. सोलतोय. माझ्यापेक्षा भरभर सोलतोय गं.’ मग थोड्या वेळानं, ‘दोन किलो झाले. आता याचं करू काय?’

मी म्हटलं, उसळ टाक सकाळी. पण आधी त्याला विचार, तिखट चालतं का.